टॅपेट घरीच सेट करायचे असतील तर

साधी, एअर-कूल्ड, एकाच सिलेंडरची छोटी गाडी असेल तर टॅपेटचं काम, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची बारीक फट मोजून नीट ठेवणं, घरी करण्यासारखं आहे, आणि मी तर म्हणेन घरीच करावं. कारण या कामाला ताकद लागत नाही, महागडी हत्यारं लागत नाहीत, लागतं ते थंड पडलेलं इंजिन आणि घाई नसलेला माणूस, आणि या दोन्ही गोष्टी सकाळी आपल्या घरी जेवढ्या सहज मिळतात तेवढ्या गर्दीच्या गॅरेजमध्ये मिळत नाहीत.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. टॅपेटचा आवाज येतो म्हणजे गाडी बिघडली आणि आवाज गेला म्हणजे गाडी दुरुस्त झाली, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. माझ्या गाडीचा टिकटिक आवाज येत होता म्हणून एकाकडून टॅपेट टाइट करून घेतले, गाडी एकदम शांत झाली, मी खूश. मग महिन्याभरात असं व्हायला लागलं की सकाळी एका किकमध्ये चालू होणारी गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळून गरम झाली आणि बंद केली की परत चालूच होईना, आयडलला बंद पडायची, चढावर दम नाही. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, काही फरक नाही. शेवटी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणला, झाकण उघडलं, तर एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) टॅपेटमध्ये ०.०५ मिलिमीटरची पाती शिरायलाच तयार नाही. गॅपच उरला नव्हता. नीट गॅप दिला आणि त्याच दिवसापासून गाडी गरम असतानाही पहिल्या किकला चालू व्हायला लागली.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं काम आपोआप समजेल. व्हॉल्व्हला दाबून उघडणाऱ्या रॉकर आर्मचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते, तोच टॅपेटचा गॅप. इंजिन तापलं की धातू वाढतो आणि फट बदलते, ती सगळ्यात वाईट वेळीही उरली पाहिजे म्हणून थंड असताना मोजून ठेवायची. ती उरली नाही तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (बंद होताना टेकायच्या जागेवर) पूर्ण बसतच नाही, किंचित उघडा राहतो, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये दाबलेली हवा) गळतं. आणि त्याहून वाईट म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड होतो तो मुख्यतः सीटला टेकूनच, आपली उष्णता हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) देऊन. टेकायलाच मिळालं नाही तर त्याची कड जळते, आणि मग हेड उतरवण्याशिवाय मार्ग नाही. उलट गॅप थोडा जास्त झाला तर आवाज येतो, व्हॉल्व्ह जरा कमी उघडतो, फार लूज ठेवला तर रॉकर ठोके खाऊन झिजतो, पण लगेच काही जळत नाही. म्हणून दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मॅन्युअलने दिलेल्या मर्यादेतच पण लूजच्या बाजूला राहा.

आता मॅन्युअल. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, शेजारच्याच्या गाडीचा चालत नाही. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या आत असतो, काहींत इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) आणि एक्झॉस्ट सारखे, काहींत एक्झॉस्टला जास्त कारण तो जास्त तापतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१० चा असतो. म्हणजे आपण एका कागदाच्या जाडीच्या आतबाहेर खेळतोय. (आणि तुमच्या इंजिनात गॅपसाठी स्क्रू-नटऐवजी शिम (ठरलेल्या जाडीच्या चकत्या) असतील तर हे वाचून हात घालू नका, ते काम वेगळं आहे.)

सामान फार नाही. फिलर गेज, पण ज्यात ०.०५, ०.०६, ०.०७, ०.०८ अशा जवळजवळच्या पात्या आहेत असा, कारण साध्या सेटमध्ये ०.०५ नंतर एकदम ०.१० येतं आणि आपलं माप नेमकं मधलं असतं. लॉकनटला (गॅपचा स्क्रू जागेवर धरणाऱ्या नटला) बसणारा रिंग पाना, गॅप कमी-जास्त करणाऱ्या ॲडजस्टिंग स्क्रूच्या डोक्याप्रमाणे छोटी टॅपेट चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) नटला बसणारा गोटी पाना, स्वच्छ फडकं. झाकणांच्या ओ-रिंग जुन्या झाल्या असतील तर नव्या आणून ठेवा, कडक झालेली ओ-रिंग परत बसवली की तेल झिरपतंच.

इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३५ अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं. दोन तास झाले, हात लावला तर गार लागतंय, हे चालणार नाही.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. टाकी आड येत असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून काढून ठेवा. प्लगच्या आजूबाजूची माती आधी फुंकून, पुसून घ्या आणि मगच प्लग काढा, नाहीतर ती सगळी सिलेंडरमध्ये जाते. प्लग काढल्यावर इंजिन हाताने अगदी हलकं फिरतं. टॅपेटची झाकणं उघडण्याआधी तीही पुसा, उघडताना थोडं तेल ओघळेल, खाली फडकं धरा. मग मॅग्नेटच्या (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकाच्या) कव्हरवरची दोन झाकणं काढा, मोठ्यातून क्रँकचा नट दिसतो, छोट्यातून मॅग्नेटवरच्या खुणा.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. पिस्टन वर आला पाहिजे, पण कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला. फोर-स्ट्रोक इंजिनात एका चक्रात क्रँक दोनदा फिरतो, म्हणजे पिस्टन दोनदा वर येतो, आणि मॅग्नेटवरची टी ची खूण दोन्ही वेळा समोर येते. त्यातल्या एका वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दुसऱ्या वेळी दोन्ही जरा जरा उघडे. आपल्याला पहिली हवी. इंजिन नेहमी ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने पान्याने हळू फिरवा आणि नजर इनटेकच्या रॉकरवर ठेवा. तो खाली दाबला जाईल, मग वर येईल, आणि त्यानंतर जी टी ची खूण येते ती आपली. खात्री करायची असेल तर फिरवताना प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा, कॉम्प्रेशनच्या वेळी हवा अंगठ्याला ढकलते. टी च्या बाजूला बऱ्याच गाड्यांत एफ ची खूण असते, ती इग्निशनची आहे, तिच्यावर थांबू नका. आणि खूण थोडी पुढे निघून गेली तर मागे ओढू नका, टायमिंग चेनचा ढिलेपणा मध्ये येतो, परत पूर्ण दोन फेऱ्या मारून या.

आता दोन्ही रॉकर बोटांत धरून वर-खाली हलवून बघा. दोन्हींना अगदी बारीक खेळ जाणवला आणि टक-टक आवाज आला तर जागा बरोबर आहे. दोन्ही घट्ट लागले तर एक पूर्ण फेरी अजून मारा. बाजूला सरकणारा खेळ यात मोजू नका, तो वेगळा असतो.

लगेच स्क्रू फिरवायला घेऊ नका. आधी आहे तो गॅप मोजा आणि एका वहीत लिहून ठेवा. पाती तेलाच्या थेंबाने पुसून घ्या आणि स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये सरळ सरकवा, वाकडी घुसवली की ती अडते आणि आपल्याला वाटतं गॅप कमी आहे. मिटलेल्या जाड वहीतून एखादं सुटं पान ओढताना जसं सळसळत, थोडं धरून येतं तसं पाती ओढताना लागलं पाहिजे. पण हा 'फील' प्रत्येकाच्या हाताचा वेगळा, म्हणून माझा भरवसा दुसऱ्या पद्धतीवर जास्त आहे: माप ०.०८ असेल तर ०.०७ आरामात गेली पाहिजे, ०.०८ धरून गेली पाहिजे आणि ०.०९ जाता कामा नये. अशी तीन पात्यांची साक्ष मिळाली की शंका उरत नाही.

माप चुकत असेल तर लॉकनट ढिला करा, पाती आत ठेवा, स्क्रू बोटाच्या जोराने फिरवा. किती कमी फिरवायचं याचा हिशोब बघा, स्क्रूची पिच अर्ध्या मिलिमीटरची असेल तर एका पूर्ण फेरीत अर्धा मिलिमीटर सरकतो, म्हणजे ०.०५ चा फरक पाडायला फेरीचा फक्त दहावा भाग. मनगट हललं न हललं इतकंच. मग स्क्रू जागेवर धरून लॉकनट आवळा, आणि इथे बहुतेकांचं काम बिघडतं, कारण नट आवळताना तो स्क्रूला बरोबर थोडा ओढून नेतो आणि गॅप बदलतो. म्हणून नट आवळल्यावर परत मोजायचंच. पहिल्या वेळी चार-पाच प्रयत्न लागतात, लागू द्या. दोन-तीनदा केल्यावर कळतं की आपल्या हाताने नट किती ओढतो, मग तेवढं आधीच लूज धरून आवळता येतं. नट छोटा आहे, आटे बारीक आहेत, लांब पान्याने जीव खाऊन आवळू नका, आटे गेले तर रॉकरच बदलावा लागतो. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा.

दोन्ही झाले की क्रँक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, परत टी वर आणा, परत मोजा. ही पायरी कंटाळा येतो म्हणून सोडू नका, मला दोनदा इथेच चूक सापडली आहे.

मग झाकणं ओ-रिंगला तेलाचं बोट लावून बसवा, प्लग आधी हाताने दोन-चार आटे फिरवून मगच पाना लावा, आणि आत पाना किंवा फडकं राहिलं नाही ना ते बघून गाडी चालू करा. हलकी, एकसारखी टिकटिक येईल. येऊ द्या.

एक अजून. माप बरोबर असूनही आवाज मोठा येत असेल तर रॉकर थोडा फिरवून स्क्रूचं टोक टॉर्चने बघा. खूप चाललेल्या गाडीत तिथे वाटीसारखा खड्डा पडतो, सपाट पाती त्या खड्ड्यावरून पुलासारखी जाते, आणि गेज ०.०८ म्हणतो तेव्हा खरा गॅप त्याहून जास्त असतो. तिथे स्क्रू बदलायचा, जास्त टाइट करून आवाज दाबायचा नाही.

आणि गॅप लिहिलेली ती वही जपून ठेवा. तारीख, किलोमीटर, आधीचा गॅप, नंतरचा गॅप, दोन्ही व्हॉल्व्हचे वेगवेगळे. एक्झॉस्टचा गॅप दर वेळी थोडा कमी झालेला दिसला तर ते नेहमीचं आहे, व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बसत जातो. पण बरोबर सेट करूनही दोन-चारशे किलोमीटरमध्ये परत बंद झाला, आणि त्याच्या पुढच्या वेळीही तसंच, तर स्क्रू फिरवणं थांबवा आणि कॉम्प्रेशन चेक करून घ्या, बहुतेक व्हॉल्व्ह किंवा सीट खराब होत चाललेली असते आणि हेड उघडावं लागतं.