जुलमाची हकीकत वाचताना पेन्सिल हाती घ्या

आधी क्रियापदांखाली रेघ मारा. ‘मारहाण झाली’, ‘बाहेर बसवलं गेलं’ असं दिसलं की थांबा आणि समासात लिहा: कोणी? वाक्यातून कर्ता गळतो, तिथेच जुलूम करणारा सुटतो. माझ्या हातून हे कितीतरी वर्षं निसटत होतं, याची आज खंत वाटते.

मग त्या काळचा नियम काय होता, ते शोधा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर ओंजळीनं पाणी प्यायले, पाठोपाठ जमलेली माणसं प्यायली. दिसायला केवढीशी कृती! पण मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मंजूर केला होता. कागदावरचा तो हक्क तळ्याच्या पायरीपर्यंत पोचलाच नव्हता. हे कळल्यावर ती ओंजळ पुन्हा वाचा.

बोलतंय कोण, तेही बघा. मुक्ता साळवे ही जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. असं लेखन मोठ्यानं वाचा. ‘बिचारी’ हा शब्द मात्र तोंडी येऊ देऊ नका. ती जाब विचारते आहे.