रँडचा वध राखणारी काळप्रवासाची श्रुतिका : या चुका टाळा

भूतकाळात जाऊन एखादी राजकीय हत्या टाळू पाहणारी टोळी आणि ती घडली तशीच घडावी म्हणून पहारा देणारा नायक, या कल्पनेवर श्रुतिका लिहू इच्छिणाऱ्या पुणेकराला गणेशखिंड रस्त्यापलीकडे विषय शोधावा लागत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गव्हर्नमेंट हाऊसमधून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकर यांनी गोळी झाडली. हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच बहुतेक लेखक गोळी सुटताच पहाराही संपवून टाकतात.

ही सर्वांत मोठी चूक होय. प्लेग समितीचा प्रमुख रँड त्या रात्री मरण पावला नाही. त्याचा मृत्यू ३ जुलैला झाला. म्हणजे इतिहासात ढवळाढवळ करणाऱ्याच्या हाती आणखी अकरा दिवस उरतात, आणि त्याने आजच्या काळातून प्रतिजैविकांच्या चार कुप्या नेल्या, तर पिस्तुलाला हातही न लावता त्याचे काम होण्याचा संभव आहे. नायकाने रस्ता राखून जखमीची खोली मोकळी सोडली, तर चाणाक्ष श्रोता तिथेच कथा सोडून देईल. उलट, तडफडणाऱ्या माणसाला मिळू शकणारे औषध आपणच अडवायचे, हा पेच रस्त्यावरच्या धावपळीपेक्षा कितीतरी भारी आहे. त्याला एक पूर्ण भाग द्यावा.

आयर्स्टला विसरू नये. दामोदर आणि बाळकृष्ण या दोघा चापेकर बंधूंनी रँडवरच गोळ्या झाडायच्या, असा बेत होता. पण मागे राहिलेल्या बाळकृष्ण चापेकर यांची गोळी मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टला लागली आणि तो जागीच मेला. तेव्हा बेतात नसलेला हा मृत्यूही नायकाला राखावा लागतो.

परिणाम दाखवताना ‘रँड वाचला, म्हणून टिळक सुटले’ असे सरळ सूत्र मांडू नये. ज्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, ते ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात, म्हणजे गोळीबाराच्या आठवडाभर आधीच, छापून झाले होते. वध टळला असता तर सरकारने खटला भरला असता का, हा प्रश्न उघडा ठेवलेलाच बरा.

ध्वनीच्या बाजूने नेहमीची तक्रार अशी, की दोन गाड्या कानाला वेगळ्या ओळखू येत नाहीत. मग लेखक ‘ती पाहा, रँडची गाडी आली’ अशी वाक्ये पात्रांच्या तोंडी घालतो, आणि दबा धरून बसलेली माणसे समालोचन करू लागतात. त्याऐवजी दोन्ही गाड्यांच्या टापांची लय वेगळी ठेवावी आणि ‘गोंद्या आला रे’ या इशाऱ्याआधी आतषबाजीचे आवाज पूर्ण थांबवावेत. काळप्रवासाचा तो घूंऽऽ आवाज एकदाच पुरे.

घड्याळही तपासावे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली आणि पुण्याची स्थानिक वेळ तिच्या सुमारे पस्तीस मिनिटे मागे होती. नायक आजचेच घड्याळ बांधून गेला, तर तो तेवढा आधी पोहोचेल आणि अंधारात तो काय करतो, हेही लेखकालाच लिहावे लागेल.