सीएफएल नि ट्यूबलाइटमधला पारा: या चुका टाळा

"सीएफएलवर बंदी आली" असा मेसेज फिरला की काही लोक माळ्यावरचे सगळे बल्ब काढून थेट कचऱ्यात टाकतात, तेवढं सोडून बाकी काहीही करा. बंदी आहे ती बनवण्यावर नि आयात-निर्यातीवर. 2013 चा मिनामाता करार, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करायचा आंतरराष्ट्रीय करार, जो भारताने 2018 मध्ये मंजूर केला, त्यात 30 वॅटपर्यंतच्या घरगुती सीएफएलला आधी 5 मिलिग्रॅम पाऱ्याची मर्यादा होती, मग 2022 मध्ये करारातल्या देशांच्या बालीच्या बैठकीत ठरलं की चोक आतच असलेले हे बल्ब 2025 नंतर बनवायचेच नाहीत, आणि पुढच्या वर्षी जिनिव्हात साध्या ट्यूबलाइटलाही 2026 आणि 2027 ची मुदत लागली. तुमच्या बाथरूममधला बल्ब यातून बेकायदेशीर होत नाही, चालतोय तोवर चालवा.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. आपल्याकडच्या ई-कचरा नियमांत मर्यादा अजून कडक आहे, 30 वॅटच्या आतल्या सीएफएलला 2.5 मिलिग्रॅम. हे बघून कोणी म्हणतं "एवढ्याशा पाऱ्याने काय होतंय", कोणी घर सोडून पळायला बघतं. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण 500 मिलिग्रॅम पारा असायचा, म्हणजे एका बल्बने घाबरून जायचं कारण नाही. पण ही मर्यादा पाळणाऱ्या कंपनीच्या मालाला लागू होते हो, खोक्यावर ना नाव ना पत्ता असला स्वस्तातला बल्ब घेतला तर आत किती पारा घातलाय ते कोण मोजणार?

आता सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात वाईट चूक: बल्ब फुटला की लगेच केरसुणी नाहीतर व्हॅक्यूम क्लीनर घेऊन धावणं. पारा आत वाफेच्या रूपात असतो, थोडा काचेवरच्या पांढऱ्या पावडरमध्ये बसलेला असतो, आणि झाडलं की तीच पावडर खोलीभर उडते, व्हॅक्यूमने तर अजूनच, वर तो क्लीनरही खराब होतो. त्यापेक्षा आधी मेन स्विच बंद करा, पोरांना नि मांजराला बाहेर काढा, पंखा आणि एसी बंद करून खिडक्या उघडा आणि 5-10 मिनिटं त्या खोलीत जाऊच नका. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करायच्या, बारीक तुकडे नि पावडर चिकटपट्टीने उचलायची, शेवटी ओल्या कागदाने पुसायचं आणि तो कागद, पट्टी, पुठ्ठा सगळं धातूचं झाकण असलेल्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाफ हळूहळू बाहेर येते म्हणून बरणी बरी, पण नसेल तर पिशवी चालेल. बरणी घरात ठेवू नका, बाल्कनीत ठेवा. चादरीवर फुटला असेल तर ती चादर मशीनमध्ये टाकायची नाही, सरळ काढून टाकायची, जीव तुटला तरी. (लोणच्याची जुनी बरणी चालेल, फक्त परत लोणच्याला वापरू नका, हे सांगावं लागतं!)

फुटतो कशाने? बहुतेक वेळा बसवताना. पिळाची काच धरून फिरवतात आणि ती हातातच येते. खालचा प्लॅस्टिकचा भाग धरायचा, आणि बल्ब गरम असेल तर आधी थंड होऊ द्यायचा.

बाकी तक्रारी फार अवघड नाहीत. स्विच बंद असूनही बल्ब मधूनमधून लुकलुकतो, तर बहुधा तो छोट्या लाल इंडिकेटरवाला स्विच आहे, त्यातून जाणारा थोडासा करंट आतल्या सर्किटला पुरतो, साधा स्विच लावा. संडासात सारखा चालू-बंद होणारा सीएफएल लवकर जातो आणि बंद डोममध्ये तापून अजून लवकर. लावल्यावर पूर्ण उजेड यायला मिनिटभर लागणं मात्र बिघाड नाही, पारा तापून वाफ व्हायला वेळ लागतो. जुनी ट्यूब गुलाबीसर दिसायला लागली तर आतला वापरण्याजोगा पारा संपत आलाय, चोक-स्टार्टर बदलत बसू नका.

उडालेला बल्ब भंगारवाल्याला देणं ही पण चूकच, तो टोपणाच्या धातूसाठी बल्ब फोडणार आणि वाफ त्याच्याच नाकात जाणार. 2016 च्या घनकचरा नियमांत सीएफएल नि ट्यूब घरगुती घातक कचऱ्यात मोडत होते आणि दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र पालिकेने करायचं होतं. कागदावर छान होतं, तुमच्या वॉर्डात असं केंद्र कुठंय हे विचारायला मात्र वॉर्ड ऑफिसला दोन-तीन फोन करायची तयारी ठेवा. तोवर बल्ब मूळ खोक्यात ठेवा, घंटागाडीत द्यायची वेळ आलीच तर वेगळा बांधून, वर लिहून द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका.

आणि जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब लावणार असाल (त्यात पारा नसतो), तर चोक नि स्टार्टर तसेच ठेवून नुसती ट्यूब अडकवू नका. काही ट्यूबना फेज-न्यूट्रल थेट लागतं, काहींचं वायरिंग वेगळं असतं, खोक्यावरचं चित्र इलेक्ट्रिशियनला दाखवूनच काम करून घ्या.