नव्यानं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना: आधी ऑइल प्रेशर, मग चावी

पद्मिनी असो, अ‍ॅम्बेसेडर असो की जुनी पेट्रोल जीप. बोअर झाला, क्रँक घासून आला, नवे पिस्टन आणि बेअरिंग बसले, हेड टॉर्क पान्यानं आवळलं, टॅपेट फीलर गेजनं लावले आणि इंजिन गाडीत बसलं. इथवरचं काम झालंय असं धरतो. आता कुठल्याही गॅरेजात उभे राहा, एकच सल्ला मिळेल: "थोडा सेल्फ मारा, तेल आपोआप चढतं." हा सल्ला ऐकू नका. टोचन लावून गाडी सुरू करायचं तर नावच काढू नका. महिनोन्‌महिने केलेलं काम पहिल्या मिनिटात वाया जातं ते यामुळेच.

कारण साधं आहे. ऑइल पंपात दोन गिअर किंवा रोटर असतात. ते कोरडे असले की फटींतून हवाच फिरत राहते आणि चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, तेल वर ओढलं जात नाही. तोवर बेअरिंग कोरडी फिरतात. शिवाय इंजिन बांधताना कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, लावलेलं वंगण लांबलचक सेल्फमुळे पुसलं जातं. कॅमचा उंचवटा आणि टॅपेटचा तळवा एकदा खरवडले की पुन्हा इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही.

चेंबर अजून लावलं नसेल तर पंप उघडून गिअरभोवती साधं व्हॅसलीन भरा. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस अजिबात नको. व्हॅसलीन गरम तेलात विरघळून जातं. ग्रीस गोळ्या होऊन तेलाच्या वाटेत अडकतं.

चेंबर लावून झालं असेल तर मी वापरतो तो मार्ग सांगतो. या टप्प्यानं मला पुष्कळ छळलंय, त्यामुळे हा भाग घाई न करता वाचा. कृषी सेवा केंद्रातून हातानं हवा भरायचा छोटा फवारणी पंप आणा. द्राक्षबागांच्या या नाशिक जिल्ह्यात तो गावोगाव मिळतो. पण नवाच घ्या. बागेत वापरलेल्या पंपात मोरचूद किंवा औषध राहिलेलं असतं आणि ते बेअरिंगच्या धातूला खातं. नोझल काढून तिथे जाड होज लावा. ब्लॉकवरचा ऑइल प्रेशरचा स्विच काढा आणि होज तिथे बसवायला त्या आट्यांचा जोड सातपूर किंवा अंबडच्या लेथवाल्याकडून करून घ्या. मापासाठी जुना स्विच सोबत न्या. अंदाजानं आटे पाडले तर ब्लॉकचे आटे जातात.

तेल साधं मिनरल, २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०. आजकालच्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक यात घालू नका. जुन्या कॅमला लागणारं जस्ताचं संरक्षण त्यात कमी असतं. थंडीत नाशिकची सकाळ दहा अंशांखाली जाते आणि हे जाड मिनरल तेल होजमधून नीट हलत नाही. डबा दुपारभर उन्हात ठेवा, मग कामाला लागा.

रॉकर कव्हर काढा, प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. पंपात हवा भरून तेल सोडा आणि त्याच वेळी पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक पाव-पाव फेरा फिरवा. एका जागी ठेवून तेल ढकललं तर सगळीकडे पोचत नाही. क्रँकची भोकं बेअरिंगच्या भोकांसमोर आली तरच तेल आत जातं, आणि काही इंजिनांत कॅम ठरावीक जागी आल्यावरच रॉकरकडची वाट उघडते. म्हणून क्रँकचे पूर्ण दोन फेरे तरी झालेच पाहिजेत. रॉकर शाफ्टपाशी आधी फेसाळ बुडबुडे दिसतील, मग स्वच्छ तेल पाझरायला लागेल. शेवटच्या रॉकरपर्यंत ते दिसेतो थांबू नका. नंतर डिपस्टिक बघा. तेल खुणेच्या वर गेलं असेल तर काढून टाका.

आता ऑइल प्रेशर स्विचच्या त्याच भोकात सुईचा मेकॅनिकल गेज लावा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच तो लागतो. कॉइलची वायर काढून ठेवा आणि प्लग न लावता दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा. सुई उचलली पाहिजे. नाही उचलली तर मिनिटभर थांबून पुन्हा बघा. तरीही हलत नसेल तर हट्ट न करता चेंबर उतरवा. बहुधा सक्शन पाइपचं गॅस्केट हवा खात असतं किंवा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

टायमिंग: एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा, हवा अंगठा उचलायला लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा, पुली खुणेवर आणून डेल्को (डिस्ट्रिब्यूटर) टेस्ट लॅम्पनं लावा. वर सांगितलेल्या तिन्ही इंजिनांची फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कार्बोरेटरची वाटी आधीच पेट्रोलनं भरा, म्हणजे इंजिन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत धरेल. प्लग आणि कॉइलची वायर परत लावा, रेडिएटर भरा, गॅरेजचं शटर उघडा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

इंजिन धरलं की लगेच दोन हजार आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं दीड ते अडीच हजारांत वर-खाली करत ठेवा. "आयडलला राहू दे, बिचारं नवीन आहे" असं म्हणणाऱ्याला बाहेर चहाला पाठवा. या इंजिनांत कॅमवर तेल मुख्यतः क्रँकनं उडवलेलं पडतं आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. एक माणूस अ‍ॅक्सिलरेटरवर, दुसरा गेज आणि गळतीवर. प्रेशर पडलं, पाणी उकळलं किंवा ठोका ऐकू आला तर त्याच क्षणी बंद.

वीस मिनिटांनी बंद करून तेल गरम असतानाच काढा आणि फिल्टर बदला. काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत घेऊन उजेडात बघा. बारीक राखाडी चकाकी चालते. नखाला लागतील असे तुकडे किंवा तांबूस चकत्या दिसल्या तर गाडी हलवू नका. सगळं ठीक असेल तर नवं तेल भरून त्र्यंबक रस्त्यावर एक चक्कर मारा, गिअरमध्येच वेग चढवत आणि सोडत. कसारा घाट पहिले हजार किलोमीटर होईपर्यंत नको.