घरात काही विचित्र घडलं, तर आधी वही काढा

२००७ च्या पावसाळ्यात आमच्या नागपुरातल्या नंदनवन भागातल्या घरात कपड्यांना भोकं पडायला लागली. आधी पलंगावरची चादर, मग सासूबाईंचं सुती पातळ, मग ह्यांचे दोन बनियन. मसुराच्या डाळीएवढी भोकं, कडा पिवळट, आणि बोट लावलं की आजूबाजूचं कापडही भुसभुशीत होऊन सुटायचं. कात्रीचं काम वाटत नव्हतं, उंदराचंही नाही. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू चादर उलटीपालटी करून म्हणाल्या, "भानामती आहे बाई. कोणाचा तरी हात लागून राहिला तुमच्या कपड्यायले."

घरातल्या कपड्यांना हात लागेल असं बाहेरचं माणूस एकच होतं, धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशी. अकरा वर्षं येत होत्या. पोळ्याच्या आधी आम्ही त्यांना कामावरून काढलं. दारात उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या, "मी कायले करीन जी असं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल, इतवारी भागांत काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. त्या वर्षीही गर्दी "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडली. मारबत गेली, मावशी गेल्या, आणि त्याच आठवड्यात माझ्या नव्या पेटीकोटला चार भोकं पडली. त्या रात्री मी मुलीची कोरी वही घेतली आणि लिहायला बसले. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणाकडे काही अजब झालं की मला बोलावतात. मी काय करते ते इथे लिहिते, म्हणजे तुमचं तुम्हाला करता येईल.

वहीत काय लिहायचं

वस्तू उचलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. मग तारीख आणि वेळ लिहा. वस्तू नेमकी कुठे होती, कशाला टेकून होती, धडधाकट अशी शेवटची कधी पाहिली. त्या वेळी घरात काय चालू होतं, कूलर, पाण्याचा पंप, फ्रिज, मिक्सर. हवा कशी होती. नागपुरात हे विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, जुलैत भिंती घाम गाळतात, आणि लाकूड, पत्रा, कागद सगळ्यांचं वागणं ऋतूप्रमाणे बदलतं.

आणि एक गोष्ट कोणी लिहीत नाही, ती मात्र नक्की लिहा: कोणत्या वस्तूला काहीच झालं नाही. माझा सगळा उलगडा तिथूनच झाला.

वहीत कोणा माणसाचं नाव "कोणी केलं" म्हणून लिहायचं नाही. पंधरा दिवस तरी नाही. घरात कोण कोण होतं ते लिहा, तेही सगळ्यांचं, स्वतःचंसुद्धा.

भोकं पडलेले कपडे

माझ्या वहीत तेरा कपडे झाले. तेराही सुती. मुलीचा शाळेचा टेरिलिनचा स्कर्ट आणि माझ्या पॉलिएस्टरच्या साड्या त्याच बादलीत भिजत होत्या, त्याच दोरीवर वाळत होत्या, पण त्यांना सुईच्या टोकाएवढंही भोक नव्हतं. दुसरी गोष्ट, तेराही कपडे इस्त्रीला जायच्या आधी जिन्याखालच्या वेताच्या टोपलीत पडून होते. त्या टोपलीला लागूनच इन्व्हर्टरची बॅटरी होती. भारनियमनाचे दिवस, बॅटरी रोज उतरायची, रोज चार्ज व्हायची. आणि पहिली चादर फाटली त्याच्या चार दिवस आधी ह्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरलं होतं, खुणेच्या वरपर्यंत.

बॅटरीत पातळ केलेलं गंधकाम्ल असतं, ज्याला आपण सल्फ्युरिक ॲसिड म्हणतो. चार्ज होताना आत बुडबुडे येतात, पाणी जास्त असेल तर बुचांतून बारीक तुषार बाहेर पडतात. कपड्यावर पडल्यावर त्यातलं पाणी उडून जातं, आम्ल राहतं आणि दिवसेंदिवस तीव्र होतं. कापसाचा धागा त्यात कुजतो, पॉलिएस्टर टिकतं. भोक मात्र लगेच दिसत नाही. पुढच्या धुण्यात कपडा पिळला की कुजलेली जागा सुटते, आणि नजर जाते ती धुणाऱ्या हातांकडे.

खात्री कशी करायची? त्यासाठी हळद पुरते. चिमूटभर हळद पाण्यात कालवून साध्या पांढऱ्या कागदावर लावा, वाळू द्या. खर्ऱ्या-पानाच्या चुन्याचं अगदी पातळ पाणी करून बोळ्याने त्यावर फिरवा, कागद विटकरी लाल होतो. चुना जास्त झाला तर परीक्षा फसते, म्हणून पाणी पातळच ठेवा. आता संशयाची जागा किंचित ओली करून हा कागद दाबून धरा. आम्ल असेल तिथे लाल रंग जाऊन पुन्हा पिवळा येतो. टोपलीच्या काठावर मी असा कागद दाबला, आणि उचलला तेव्हा वेताच्या विणीची पिवळी नक्षी कागदावर उमटली होती. जिन्याखाली, टॉर्चच्या उजेडात मी किती वेळ तो कागद धरून बसले ते मला आठवत नाही.

तुमच्या घरी असं निघालं तर रबरी हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात कापड भिजवून, पिळून, बॅटरीची बाहेरची बाजू आणि जमीन पुसून घ्या. बुचं घट्ट बंद असली पाहिजेत, सोडा आत जाता कामा नये. पाणी खुणेपर्यंतच भरा. कपडे तिथून कायमचे हलवा, आणि बॅटरीला हवा लागेल अशी जागा द्या, कारण चार्ज होताना हायड्रोजन वायूही निघतो आणि तो पेट घेतो.

आपोआप फिरणाऱ्या, हलणाऱ्या वस्तू

मानेवाड्याला माझ्या नणंदेकडे गजानन महाराजांची वीतभर मूर्ती फ्रिजवरच्या काचेच्या फळीवर ठेवलेली असायची. रोज सकाळी महाराज थोडे वळलेले, आठवड्याने पाठ दाराकडे. नणंदेने जेवण सोडलं होतं. "महाराज रुसले माह्यावर," एवढंच ती म्हणत होती. मी तिला एका खऱ्या गोष्टीबद्दल सांगितलं. २०१३ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर संग्रहालयात इजिप्तची सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची एक लहान मूर्ती बंद काचेच्या कपाटात दिवसभरात हळूहळू फिरताना कॅमेऱ्यात दिसली. जगभर चर्चा झाली. नंतर तज्ज्ञाने कंपनं मोजली. बाहेरच्या रस्त्यावरची वाहनं आणि आतल्या माणसांची पावलं यांनी फळी थरथरत होती, आणि मूर्तीचा तळ थोडा फुगीर असल्यामुळे ती स्वतःभोवती वळत होती.

आम्ही त्याच फळीवर स्टीलचा पेला काठोकाठ पाणी भरून ठेवला आणि दोघी समोर बसलो. दहा-बारा मिनिटं पाणी आरशासारखं. मग खालच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरला आणि पेल्यातल्या पाण्यावर गोल गोल वलयं उठली. मूर्ती उलटी करून ताटावर ठेवून पाहिली, तर तळ मधोमध फुगलेला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून खाली ठेवला आणि फळीवर कुंकवाची बारीक खूण केली. पंधरा दिवस ती खूण आणि महाराजांची पावलं समोरासमोर राहिली. नणंद त्याच रात्री जेवली होती.

गरम पाण्याने विसळलेला काचेचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला की तो दोन-तीन इंच सरकत जातो, तेही असंच साधं आहे. आतली हवा तापते, पसरते, काठ पाण्याच्या थरावर उचलते, आणि ओटा किंचित उतरता असतोच. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा नवाच्या आसपास थरथरत अडकत असेल तर सेल बदला. काटा तिथे वर चढत असतो, सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो, आणि थकलेल्या सेलमध्ये तो नसतो.

उन्हाळ्यात रात्री छतावर कोणी चालल्याचा, टकटक केल्याचा आवाज आला तर टिनाच्या पत्र्याकडे बघा. ६ मीटर लांबीचा पत्रा ३० अंशांनी थंड झाला की जवळजवळ २ मिलिमीटर आखडतो, आणि खिळ्यांना अडून अडून आखडतो. प्रत्येक अडणं म्हणजे एक टक्.

विजेच्या वस्तू

बंद केलेला एलईडी दिवा मंद तेवत राहतो, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. बहुतेक वेळा बटण फेजच्या तारेवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेलं असतं, नाहीतर बटणातच बारीक निऑनचा दिवा असतो आणि त्यातून जाणारा थोडासा प्रवाह एलईडीला पुरतो. वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्या. बिनतारी दारघंटी कोणी नसताना वाजते, कारण शेजाऱ्याची घंटीही त्याच लहरीवर असते. तिचा कोड बदलता येतो.

नळाला, कूलरच्या पत्र्याला झिणझिण्या येत असतील तर मात्र वही-बिही काही नको. मेन बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरने माणसं जातात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, घराला बसवून घेणं हा खर्च टाळू नका.

आणि कोणाला बंद खोलीत माणसं दिसतात, छातीवर दाब वाटतो, सकाळी डोकं जड होतं, मळमळतं, असं घरातल्या दोघा-तिघांना एकदम होत असेल, तर आधी खिडक्या उघडा आणि बाहेर या. १९२१ साली अमेरिकेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी अशाच एका "झपाटलेल्या" घराची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पावलं ऐकू येत, अनोळखी बाई दिसे, झाडं सुकत होती. तळघरातली भट्टी बिघडलेली होती आणि कार्बन मोनॉक्साइड घरभर पसरत होता. आपल्याकडे हा वायू बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून आणि डिसेंबरच्या थंडीत खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीतून येतो. त्याला वास नसतो.

नाहीशा होणाऱ्या वस्तू, आणि आग

समईतल्या वाती, साबणाच्या वड्या, देवासमोरचं खोबरं जात असेल तर रात्री झोपताना फरशीवर रांगोळी भुरभुरा. सकाळी बारीक पावलं दिसतील, त्यांच्या मागे जा. आमच्या गल्लीत एका घरी कपाटामागच्या बिळात सोळा वाती निघाल्या. तुपा-तेलाने भिजलेली वात उंदराला खाऊ वाटते आणि कधी कधी तो पेटतीच ओढून नेतो, म्हणून झोपताना समई झाकून ठेवा किंवा शांत करा. विदर्भात जवसाचं तेल वापरात आहे. लाकडाला ते लावून झाल्यावर चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं आणि गच्च बोळा काडी न लावता पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर एकेरी पसरून वाळवा.

एवढं सगळं पाहूनही कपडे पेटत असतील, घरावर दगड येत असतील, जेवणात घाण पडत असेल, तर त्यामागे बहुतेक माणसाचा हात असतो, आणि पुष्कळदा तो घरातल्याच कोणा दुखावलेल्या जीवाचा असतो. शिकायचं असताना शाळा सुटलेली पोरगी, बोलायला जागा नसलेली सून. तिला पकडायचं नाही, चारचौघांत उभं करायचं नाही. तिच्याशी निवांत बोलेल असं एखादं माणूस आणि मानसोपचार तज्ज्ञ, दोन्ही लागतात. ही कामं वर्षानुवर्षं करणारी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आपल्या नागपूरचीच आहे, त्यांना बोलवा. भगत बोलावू नका. कोणी एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून छळत असेल, भूत उतरवतो म्हणून मारत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आहे, आणि जामीन सहज मिळत नाही. पोलीस ठाण्यात हा कायदा नावाने सांगा.

आळ घेऊन झाला असेल तर

तर त्या माणसाच्या घरी जायचं. फोनवर नाही, निरोपाने नाही. मी आणि सासूबाई दोघी गेलो, हळदीचा तो कागद आणि फाटकी चादर घेऊन. मावशींच्या घरासमोर चार बाया बसल्या होत्या. सासूबाई आत जायला निघाल्या, मी म्हटलं इथेच सांगू या, कारण गोष्ट इथेच पसरली असणार. त्या बायांसमोर मी कागद ओला करून चादरीवर दाबून दाखवला, बॅटरीचं सांगितलं, आणि चूक आमची होती हे सांगितलं. मावशींनी चादर हातात घेतली, भोकातून बोट घालून पाहिलं, घडी केली.

"चहा ठेवते जी," त्या म्हणाल्या. कामावर मात्र त्या परत आल्या नाहीत.