प्रोजेक्टवर चालणाऱ्या डिझाइन कंपनीत शिरताय? ‘फायनल’ कोण म्हणतंय ते बघा

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग इकडची ओळखीतली मुलं अलीकडे वरचेवर विचारतात, “ताई, डिझाइन कंपनीत जाऊ, की नोकरी बघू?” म्हणजे डिझाइन कंपनीतली नोकरी घरच्यांच्या लेखी अजून नोकरीत धरत नाहीत. ते सोडा. ज्यांना सॉफ्टवेअर येतं, ज्यांचा पोर्टफोलिओ तयार आहे आणि शाळेपासून गुजराती तोंडात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ग्रिड नि टायपोग्राफी मी सांगत बसणार नाही, तुम्हाला ती माझ्यापेक्षा ताजी आठवत असेल.

आमच्यासारख्या कंपनीत एका ब्रँडचं काम वर्षभर चालत नाही. आज फरसाणाचं कार्टन, उद्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या व्हॉल्व्हवाल्याचा कॅटलॉग, परवा गोत्रीकडच्या फ्लॅट स्कीमचं ब्रोशर. पैसे टप्प्यांनी येतात: सुरुवातीला ॲडव्हान्स, डिझाइन मंजूर झालं की मधला हप्ता, माल हातात पडला की उरलेले. तुमचा पगार त्या मधल्या हप्त्यावर लटकलेला असतो, हे मुलाखतीत कुणी सांगत नाही. कामाला भरती-ओहोटी असते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. गरब्याची गेट, स्टेज, पास, स्पॉन्सरचे बोर्ड, वर सगळ्यांच्या दिवाळीच्या जाहिराती. मग दिवाळीनंतरच्या लाभपंचमीपर्यंत बाजारच बंद. त्यानंतरचे काही आठवडे इतके रिकामे जातात की नवीन माणसाला वाटतं, आपल्याला काढणार. काढत नाहीत. शांत बसा, फायली नीट लावा.

आता मुख्य गोष्ट. ही मी लांबण लावून सांगणार आहे, कंटाळलात तरी वाचा.

कार्टनचं काम घ्या. क्लायंटचा मार्केटिंग मॅनेजर येतो, चहा होतो, पुढचं सगळं व्हॉट्सॲपवर. तुम्ही डायलाइन (कुठे कापायचं, कुठे घडी, त्याचा आराखडा) मागवता, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) सोडता, हिरवं शाकाहारी चिन्ह, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, सगळं जागच्या जागी बसवता. मॅनेजर दोन-चार बदल सांगतो, लोगो मोठा करवतो (तो सगळेच करवतात), आणि एका संध्याकाळी निरोप येतो: “फायनल छे, छापी नाखो.” फाइल प्रेसला जाते. चार रंगांच्या चार प्लेटा निघतात, माल छापून होतो.

मग पहिलं कार्टन शेठच्या घरी पोचतं. तिथं शेठ असतात, त्यांची आई असते, जिच्या हातच्या चवीवर धंदा उभा राहिला, आणि मेलबर्नहून शिकून आलेला मुलगा असतो. कुणीतरी म्हणतं, “आपला केशरी कुठे गेला?” केशरी स्क्रीनवर होता. आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) झगझगीत केशरी सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) उतरला की मळकट होतो. तोच हवा असेल तर स्पॉट कलरची, म्हणजे वेगळ्या तयार शाईची, पाचवी प्लेट लावावी लागते, तिचा खर्च वेगळा. हे मॅनेजरला सांगितलेलं असतं, त्यानं मान डोलावलेली असते. पण आता शेठसमोर तो म्हणतो, “में तो खाली जोयुं हतुं.” मी नुसतं बघितलं होतं!

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत अगदी असंच झालं आणि तेव्हाच्या कंपनीनं प्लेटांचा खर्च माझ्या पगारातून वळता केला. क्लायंटकडे शब्द काढायची त्यांची हिंमत नव्हती, ज्युनिअर समोरच बसलेली होती. कंपनी कुठली ते विचारू नका. तो राग माझा अजून गेलेला नाही, हे तुम्हाला वाचताना कळतच असेल.

मॅनेजर लबाड असतो असं नाही. घरच्या धंद्यात पगारी माणसाला ‘हो’ म्हणायची मुभा असते, पण त्या ‘हो’ला वजन किती, हे त्यालाही नीट माहीत नसतं. आणि “मला अधिकार नाही” हे तो बाहेरच्या पोरासमोर कधीच कबूल करणार नाही. म्हणून “निर्णय कोण घेतं?” असं तोंडावर विचारायचं नाही. त्याचा अपमान होतो आणि काम पहिल्याच दिवशी आंबतं. आडून विचारा. “बिलावर नाव कुणाचं घालू?” “प्रेसच्या ऑर्डरवर सही कोण करतात?” “घरी कुणाला दाखवायचं असेल तर खरा बॉक्स बनवून देते, फोनवर नीट कळत नाही.” या तिसऱ्या वाक्यानं मला जेवढं वाचवलंय तेवढं कुठल्याच कोर्सनं नाही. मॅनेजर लगेच सांगतो, “हां, बाला दाखवावं लागेल.” झालं. त्या घरात ‘फायनल’ बा, म्हणजे शेठची आई, म्हणणार.

मग तसा बॉक्स खरोखर बनवा. मूळ मापाचा प्रिंट काढून, कापून, घड्या घालून, चिकटवून. वयस्कर माणसं पीडीएफ बघत नाहीत. डबा हातात घेतात, उलटा करतात, खिडकीशी नेतात, “हे अक्षर मला दिसत नाही” म्हणतात, आणि नव्वद टक्के वेळा त्यांचं बरोबर असतं. रंगाचा प्रश्न असेल तर ऑफिसच्या प्रिंटरवर विसंबू नका, प्रेसकडूनच प्रूफ मागवा. सही त्या डब्यावरच घ्या, तारखेसकट, आणि फोटो काढून मेलवर टाका: “या मजकुरात, या रंगात, व्हर्जन चार छापायला आपली संमती मिळाली आहे.” व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे निरोप पोचला, एवढंच. आणि फायलीला ‘फायनल_फायनल_नवं’ असलं नाव दिलंत तर माझ्या हाताखाली टिकणार नाही. नंबर आणि तारीख, बस.

हाच सापळा ऑफिसातही लावलेला असतो. क्लायंटशी बोलणारा अकाउंटवाला टेबलाशी येऊन सांगतो, “हेडिंग लाल कर.” तुम्ही करता. तासाभरानं क्रिएटिव्ह हेड विचारतो, “लाल कुणी सांगितलं?” तोवर अकाउंटवाला पुढच्या मीटिंगला पसार. पहिल्याच आठवड्यात गुपचूप शोधून काढा की तुमच्या स्क्रीनवर बदल करवायचा हक्क कुणाचा. बाकीच्यांना गोड बोलून त्या माणसाकडे पाठवा. आणि क्लायंटचा थेट फोन आला, “बेन, थोडुंक ज छे,” तर नाहीही म्हणू नका नि होही म्हणू नका. “लिहून पाठवा, किती वेळ लागेल ते मॅडम कळवतील,” एवढंच. कोटेशनमध्ये बदलांच्या किती फेऱ्या धरल्यात ते आधी वाचलेलं असेल तर आवाज आपोआप स्थिर राहतो.

घाबरवलं का? एवढं घाबरायचं कारण नाही. कार्टन परत छापता येतं. मी रडून, चिडून अजून याच धंद्यात आहे, आणि आपण केलेला डबा मंगळ बाजारात दुकानाच्या फळीवर मांडलेला दिसला की जे वाटतं ते पगारात मोजता येत नाही. अर्थात पगार मोजायचाच.

शॉर्टकटबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. तयार मॉकअपवर (डब्या-बाटलीच्या आयत्या चित्रावर) कुठलंही डिझाइन महागडं दिसतं, म्हणूनच मला ते आवडत नाहीत. तिथला केशरी तुम्हाला आणि क्लायंटला दोघांनाही फसवतो. एआयनं काढलेल्या चित्रातली अक्षरं एकेक करून तपासा. आपल्या भाषांची जोडाक्षरं बिघडायला तर एआयही लागत नाही. गुजराती मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आला की कॉपी-पेस्ट करताच त्याचा कचरा होतो. ॲडोबीच्या काही प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावलेला नसेल तर ऱ्हस्व इकार भलत्या अक्षराला जाऊन चिकटतो. प्रेसला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्या (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात, फाँट लागत नाही), पण आधी कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि बदलता येईल अशी प्रत स्वतःकडे ठेवा.

गुरू हवा असेल तर रीलवर शोधू नका, प्रेसवर जा. मशीनवरचे काका पहिल्या भेटीत फक्त “जूना कोरलमां सेव करीने मोकलजो” (कोरलड्रॉच्या जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा) एवढंच बोलतील. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला भिंग हातात देऊन ठिपके दाखवतील, चार रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत तर बारीक अक्षराला कशी झालर येते ते दाखवतील. त्या दिवसापासून चार रंगांत सहा पॉइंटचा मजकूर ठेवायला तुमचा हात धजणार नाही. बडोद्यात हे शिक्षण जुनंच आहे. १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके येऊन फोटोग्राफी नि छपाईची तंत्रं शिकून गेले. सयाजीराव विद्यापीठातली १९५० ची फाइन आर्ट्स फॅकल्टी त्यानंतरची. तिथली पदवी असेल तर मुलाखतीला बोलावणं लवकर येतं, पुढं मात्र प्रेसवाले काका विद्यापीठ विचारत नाहीत.

पैशांचं थोडक्यात. नेमणुकीच्या पत्रात ‘कन्सल्टंट’ लिहिलंय का बघा. तसं असेल तर पगाराऐवजी १० टक्के टीडीएस कापून फी मिळेल, आणि पीएफ नसेल. वाईटच असं नाही, पण आकडा त्या हिशोबानं मागा. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनीच, असं १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. तेव्हा पोर्टफोलिओत काय दाखवता येईल ते पत्र घेतानाच लेखी मागून घ्या. सोडून जाताना कुणी देत नाही. पगार उशिरा झाला आणि “क्लायंटचं बिल अडकलंय” असं ऐकवलं, तर एवढं ठाऊक असू द्या: नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचं बिल, करार काहीही असो, ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, हा २००६ पासूनचा कायदा आहे. मालकाला तो शिकवायला जाऊ नका. नुसतं माहीत असलं तरी पुरे.

रुजू व्हायचं तर लाभपंचमीनंतर व्हा. तेव्हा सीनिअर लोकांना शिकवायला वेळ असतो आणि चुकलं तरी कुणी ओरडत नाही. सप्टेंबरात जो येतो त्याला कुणी काही सांगत नाही, थेट होर्डिंगच्या फायली हातात देतात. आणि मुलाखतीत नवरात्रीच्या नऊ रात्री सुट्टी मिळेल का, असं विचारू नका. मिळत नाही. पास मात्र पाहिजे तेवढे मिळतात.