बारोक ल्यूटसाठी खर्जाच्या तारा कशा निवडाव्यात

बारोक ल्यूट हे बोटांनी छेडायचे जुने युरोपीय तंतुवाद्य. तेरा जोड्यांच्या बारोक ल्यूटवर एकूण 24 तारा असतात. पहिल्या दोन ‘जोड्यां’त एकेकच तार, पुढच्या अकरांत दोन-दोन. सहावीपासून खाली खर्ज सुरू होतो. तिथे प्रत्येक जाड तारेसोबत वरच्या सप्तकातली एक बारीक तार असते.

1. आधी मोजपट्टी घ्या. घोडीपासून खुंट्यांकडच्या खाचेपर्यंत प्रत्येक जोडीची लांबी वेगळी मोजा. काही वाद्यांत फक्त बारावी आणि तेरावी जोडी पाचेक सेंटिमीटर लांब असते. हंसमान (खर्जाच्या तारांसाठी पुढे वाढवलेली लांब मान) असलेल्या वाद्यांत शेवटच्या चार-पाच जोड्या मीटरभर लांब जातात. एका वाद्याचा संच दुसऱ्याला चालत नाही, तो यामुळेच.

2. सूर ठरवा. मधल्या सप्तकातला पाश्चात्त्य ए सूर 415 हर्ट्झ धरल्यास सहावी जोडी (ए) 103.75 हर्ट्झ, अकरावी (सी) सुमारे 61.7 आणि तेरावी (ए) 51.9 हर्ट्झवर येते.

3. जाडी काढा. साध्या तातेसाठी (जनावराच्या आतड्याची तार), 28 न्यूटन ताण धरून: 83 ला मीटरमधली लांबी आणि हर्ट्झमधली कंपनसंख्या यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर मिलिमीटरमध्ये येईल. 70 सेंटिमीटरवर सहावीला 1.14, अकरावीला 1.92. तेरावीला 75 सेंटिमीटरवर 2.13, पण 98 सेंटिमीटरवर फक्त 1.63. सोबतच्या सप्तक-तारेला याच्या निम्मी जाडी. ती फ्लोरोकार्बनची (एक कृत्रिम धागा) घेतली तर आणखी 0.85 ने गुणा, कारण ते तातेपेक्षा जड असते.

ताण वाढवायचा मोह आवरा. दर तारेला एक किलो वाढवला की दीडेक मिलिमीटर जाडीच्या तबलीवर 24 किलो जास्त येतात आणि घोडी उखडू शकते. फार सैल तार मात्र झोल घेऊन शेजारणीवर आपटते.

4. आता प्रकार. खरा निर्णय इथेच आहे. दोन मिलिमीटरची साधी तात ताठ असते. छेडली की ‘ठप्प’ वाजते आणि सूर धूसर राहतो. त्यावर तीन उपाय.

तांब्याच्या तारेने गुंडाळलेली तार सर्रास मिळते, टिकते आणि स्पष्ट बोलते. दोष एकच, ती फार वेळ घुमते. तंबोऱ्यात लांब नाद हवाच असतो. इथे मात्र सी वाजत असताना डी छेडला की दोन्ही मिसळून गढूळ होतात आणि प्रत्येक खर्ज अंगठ्याने दाबत बसावे लागते. नवी तार पहिले काही आठवडे जास्तच खणखणते, म्हणून ती घाईने नापास करू नका.

धातूची पूड मिसळून जड केलेली तार कमी जाडीत तोच सूर देते आणि नादही लवकर आवरता घेते. आखूड खर्जाच्या वाद्याला आमची पसंती हीच. ती खूप ताणली जाते. खुंटीवर आधी जेमतेम गुंडाळा, नाहीतर वळशांना जागा पुरत नाही.

साधी किंवा दोरीसारखी वळलेली तात हंसमान वाद्यावर आजही उत्तम. लांबीमुळे ती बारीक राहते.

5. घोडीची भोके तपासा. ऑर्डर देण्याआधी भोकांचा व्यास मोजा. दोन मिलिमीटरची तार अनेकदा आत जातच नाही. भोक मोठे करण्यापेक्षा तारेचा प्रकार बदला. पाकिटावरचा आकडाही नीट वाचा: गुंडाळलेल्या किंवा जड केलेल्या तारांवर बहुधा ‘तातेच्या तुलनेतली जाडी’ छापलेली असते, प्रत्यक्ष जाडी नव्हे. तिसऱ्या पायरीतला आकडा तिच्याशी थेट जुळवता येतो.

6. चढवताना एकेक तार बदला, म्हणजे तबलीवरचा ताण एकदम उतरत नाही. सहावी ते आठवी पडद्यांवर वाजवून बेसूर तर नाही ना ते पाहा. खालच्या जोड्या बहुतेक मोकळ्याच वाजतात. मग जोडीतल्या दोन्ही तारा एकत्र छेडा. सप्तक-तार पुढे येऊन खर्ज झाकत असेल, तर तिचा ताण 10 टक्क्यांनी उतरवा, म्हणजे जाडी साधारण 5 टक्क्यांनी कमी घ्या.